पहिली गाठ

समोरचा माणूस खरा आहे की नाही हे त्याचं मनगट धरून ठरवायचे दिवस येतील, असं पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर हेमांगी शिरगावकरने त्याला आधी चांगला डॉक्टर सुचवला असता. आणि आता ती स्वतःच कोल्हापुरात एका सभागृहाच्या दारात उभी राहून आल्यागेल्यांची मनगटं धरत होती.

शनिवारची सकाळ होती. दारावर ‘गाठमेळा’ अशी कमान होती आणि तिच्यातला शेवटचा ‘ळा’ एका टाचणीवर लोंबत होता. तो कधी कुणाच्या डोक्यात पडेल या काळजीत तिचा वर्गमित्र आणि मेळाव्याचा सहआयोजक संपत चौगुले दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन वर बघून जात होता. खुर्ची आणून तो चिकटवावा, हे मात्र त्याला सुचत नव्हतं.

“आला का गं तुझा इंदूरवाला?” त्याने विचारलं.

“येईल.”

“येईल म्हणतीस, पण तोंड बघ की जरा आरशात. लग्नमांडवातनं नवरदेव पळाल्यासारखं झालंय.”

हेमांगी हसली, पण तिची नजर रस्त्यावरच होती. श्रीरंग आला नाही, तर सगळंच मुसळ केरात जाणार होतं.

याची गोष्ट अशी. हेमांगीचे वडील इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करायचे. ती शिकली, पुण्यात प्रोग्रॅमर झाली, आणि नोकरीच्या सुरुवातीच्या काळात फावल्या वेळात तिने ‘ठेका’ नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. काम एवढंच, की यंत्राला ठरल्या वेळी उठवायचं. वडील मागाचा ठोका ऐकून बिघाड ओळखत, त्यावरून हे नाव. तिने तो ओपन सोर्स केला, म्हणजे कुणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. लोकांनी मनावर घेतलं. बघता बघता ठेका सिग्नलांत गेला, लिफ्टमध्ये गेला, दवाखान्यातल्या यंत्रांत गेला, आणि शेवटी ज्यांचं हृदय निकामी होतं त्यांच्या छातीत बसवतात त्या पंपांतही गेला. हेमांगी एकटीने तो सांभाळणं अशक्य झालं तेव्हा इंदूरहून श्रीरंग बक्षी नावाचा कुणी मदतीला आला. आला म्हणजे इंटरनेटवर. त्याला सात वर्षं झाली होती आणि दोघांची भेट एकदाही झाली नव्हती; होतं ते सगळं लिहूनच, चेहरा नाही की आवाज नाही.

पूर्वी हे चालायचं. पण मध्यंतरी एका देशात एका शहराचं पाणी दोन दिवस बंद पडलं, आणि शोध घेता घेता कळलं, की ते पाणी सोडणाऱ्या प्रोग्रॅमला वर्षानुवर्षं निष्ठेने मदत करणारा गडी माणूसच नव्हता. कुणीतरी बनवलेला बनाव होता, चेहरा, आवाज, वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळ्यासकट. विश्वास कमवायचा आणि एका दिवशी घात करायचा, एवढ्यासाठी घडवलेला. पडद्यावर दिसतं ते खरं मानायची सोय तेव्हापासून राहिली नाही.

मग आलं कडं. शास्त्र साधंच होतं. हृदय दर ठोक्याला एक बारीक विद्युतसंकेत सोडतं, तो कातडीपर्यंत पोचतो. दोन माणसांनी हात धरले, की एकाच्या हृदयाचा संकेत अगदी क्षीण का होईना, दुसऱ्याच्या मनगटावरही मोजता येतो. शिवाय कुणाचंच हृदय घड्याळासारखं नेमाने चालत नाही. श्वासाने, भीतीने, चहाने दोन ठोक्यांतलं अंतर सारखं बदलतं, आणि ते पुढे कसं बदलेल हे कुणालाही आधी सांगता येत नाही. म्हणून दोघांच्या कड्यांनी एकाच वेळी तीच दोन हृदयं ऐकली, की नक्की ठरतं: या जागी, या क्षणी दोन जिवंत माणसं एकमेकांसमोर होती. या नोंदीला गाठ म्हणत. कड्याच्या जाहिरातीत तर ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ असंच लिहिलेलं असे.

कायदा झाला. ज्या यंत्रांवर जीव अवलंबून आहेत, त्यांच्या प्रोग्रॅममधला कुठलाही बदल दोन गाठवाल्या माणसांच्या, एक लिहिणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची अशा सह्यांशिवाय पुढे जायचा नाही. गाठ वर्षभराने सैल पडते, ती पुन्हा बांधायची. त्यामुळे घरात बसून जग चालवणारी प्रोग्रॅमर मंडळी बॅगा घेऊन फिरायला लागली. हेमांगी लिस्बनला गेली, सोलला गेली, नैरोबीला गेली. परक्या शहरांत परक्या लोकांची मनगटं धरून परत यायची आणि पुढच्या मेळाव्याची तयारी करायची. तिचा संसार या धावपळीत कधी उसवला ते दोघांनाही नीट कळलं नाही. आई म्हणायची, “जगभर लोकांचे हात धरत हिंडतीस. माझा रक्तदाब बघायला शेजारची सुमन येते.”

इंदूर तर हाकेच्या अंतरावर. पण श्रीरंग दर वेळी काहीतरी कारण काढायचा, आणि तीही जिथे एका खेपेत शंभर गाठी होतील तिथेच जायची. राहून गेलं.

आता मात्र राहू देऊन चालणार नव्हतं. हृदयाच्या पंपांत एक दोष निघाला होता. क्वचित कधी पंप काही क्षण थांबायचा आणि आपोआप सुरू व्हायचा. कंपन्यांच्या प्रयोगशाळांना तो पकडता आला नव्हता, तो पकडला श्रीरंगने. पंपात सुरक्षेसाठी दोन घड्याळं असतात. ती जुळवून घेताना एखाद्या वेळी ठेका असा अडकायचा, की पहिलं घड्याळ म्हणे ‘आधी तुम्ही’ आणि दुसरं म्हणे ‘छे छे, आधी तुम्ही’. दोघं शिष्टाचार करत उभी, आणि तिकडे माणसाचं रक्त जागच्या जागी. श्रीरंगने दुरुस्ती लिहिली, हेमांगीने ती ओळ न् ओळ तपासली. सही करायला मात्र श्रीरंगला गाठ हवी होती, आणि त्याच्याकडे एकही नव्हती. पहिली गाठ मेळाव्यातच बांधता येते, आणि या मेळाव्यात ती झाली नाही, तर पुढची संधी तीन महिन्यांनी. तोवर कुणाचा पंप कुठे थांबेल याचा नेम नव्हता.

“नमस्कार. मी श्रीरंग बक्षी.”

हेमांगी दचकली. समोर चाळिशीचा, गोरा, घामाघूम झालेला माणूस उभा होता. हातात शेवेचं पाकीट होतं.

“अरे! आलास!” तिने त्याचे दोन्ही हात धरले. तिला एकदम भरून आलं. “मला वाटलं, या खेपेलाही काहीतरी कारण काढशील.”

“नाही नाही, तुम्ही इतकं बोलावलं, मग यायलाच हवं न.”

सात वर्षं ‘तू’ म्हणणारा श्रीरंग समोरासमोर ‘तुम्ही’ म्हणाला, याचं तिला हसू आलं. लाजतोय बिचारा, तिला वाटलं.

नियम असा होता, की ज्याची पहिलीच गाठ असेल त्याच्याशी आधी निवांत बसायचं, बोलायचं, हाच तो माणूस अशी मनाची खात्री करायची आणि मगच मनगट धरायचं. कारण पहिल्या गाठीनेच ते नाव आणि ते शरीर एकमेकांना जोडलं जातं, आणि त्याची हमी गाठ बांधणाऱ्याची. नियम हेमांगीनेच सुचवलेला होता. पण प्रवासाने शिणलेला पाहुणा दारात उभा, त्याच्या हातात तिच्यासाठी आणलेली शेव, मागे रांग, आणि त्याने कडं घातलेला हात स्वतःहून पुढे केलेला. त्याला ‘थांब, आधी तुझी परीक्षा घेते’ म्हणायचं तरी कसं? भीड ही भिकेची बहीण, हे तिची आई ती परकरी असल्यापासून सांगत आली होती. हेमांगीने मनगट धरलं. दोन्ही कडी थरथरली. गाठ बसली.

“झालं?” त्याने विचारलं आणि मोठा श्वास सोडला.

दुपारी जेवणाला तांबडा-पांढरा रस्सा होता. संपतने पाहुण्याला आग्रह करकरून वाढलं. पाहुणा डोळ्यांतलं पाणी पुसत “बढिया, एकदम बढिया” म्हणत होता. हेमांगी त्याच्या समोर बसली आणि रंगात येऊन कामाचं बोलू लागली.

“रात्री तुझी दुरुस्ती पुन्हा वाचली. दोन्ही घड्याळं एकदम बंद पडली तर काय, ते मी शेवटच्या भागात घातलंय. बघितलंस?”

“हो. छान आहे.”

हेमांगीचा घास हातातच राहिला.

श्रीरंग ‘छान’ म्हणत नसे. सात वर्षांत तिचं एकही काम त्याने पहिल्या वाचनात छान म्हटलेलं नव्हतं. काहीही पाठवा, त्याचा एक प्रश्न ठरलेला: ‘आणि उशीर झाला तर?’ सुरुवातीला तिला त्याचा राग यायचा. मग सवय झाली. मग तर अशी सवय झाली, की आईच्या ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरलाही तिने तेच विचारलं होतं.

“आणि उशीर झाला तर?” आता तिनेच विचारलं.

“कशाला उशीर?” पाहुणा गोंधळला. “होईल न सगळं वेळेवर. तुम्ही काळजी नका करू.”

तिने मांडीवरचा फोन हळूच उचलला आणि श्रीरंगला नेहमीच्या ठिकाणी निरोप टाकला: ‘रस्सा झेपतोय का?’

उत्तर लगेच आलं. ‘तिखट आहे. जेवतोय, नंतर बोलू.’

समोरच्या माणसाच्या एका हातात भाकरी होती आणि दुसऱ्या हाताने त्याने वाटी तोंडाला लावली होती.

आजूबाजूला लोक हसत होते, संपत कुणालातरी ‘नाद खुळा’ म्हणजे काय ते समजावत होता, आणि हेमांगीला फक्त स्वतःच्या कानातली धडधड ऐकू येत होती. हा श्रीरंग नाही. मग श्रीरंग कोण आहे? आणि मुख्य म्हणजे, आहे का?

भाड्याच्या हृदयांबद्दल तिने ऐकलं होतं. बनावाला शरीर लागतं म्हणून गरजू माणसाला कडं घालून पाठवायचं. शेवटी कडं काय सांगतं? समोर जिवंत हृदय आहे एवढंच. त्या हृदयाचा मालक आणि प्रोग्रॅम लिहिणारा एकच आहे की नाही हे कड्याला काय कळणार!

तिने पाहुण्याला रंकाळ्यावर नेलं. कठड्यापाशी थांबून सरळ विचारलं, “तुमचं नाव काय?”

त्याचा चेहरा पडला. “जयंत,” तो म्हणाला. “मी श्रीरंगचा लहान भाऊ. तो बोलला होता की अर्धा दिवसही नाही टिकणार म्हणून. मी आपला होटलवाला माणूस, मला काय यातलं समजतं?”

“तो स्वतः का नाही आला?”

“ते मी नाही सांगू शकत.”

“आजारी आहे?”

“ताई, मी शपथ घेऊन आलोय. तुम्ही इंदूरला चला न. स्वतः बघा. नाही पटलं तर मला पोलिसात द्या.” आणि मग अगदी हळू आवाजात, “पण ती गाठ आज तोडू नका. पाया पडतो.”

संपतला कळलं तेव्हा तो आधी पांढरा पडला आणि मग तांबडा झाला. “अगं, वेड लागलंय काय तुला? आत्ताच्या आत्ता रद्द कर! उद्या पाचला मेळा संपला, आयोजकानं ‘सगळ्या गाठी खऱ्या’ म्हटलं की गाठ पक्की. ते म्हणणार कोण? तूच की! उद्या खोटं निघालं तर तुझ्या सगळ्या गाठी जातील. परत कुणी तुला उंबऱ्यात उभं करणार न्हाई.”

“दुरुस्ती खरी आहे, संपत. मी ओळ न् ओळ वाचलीय.”

“पाणी बंद पडलेल्यांनी पण वाचलीच हुती गं.”

फसलेला प्रत्येक माणूस फसण्याआधी असंच म्हणाला असणार.

“उद्या पाचपर्यंत वेळ आहे,” ती म्हणाली. “मी जाऊन येते. तू एवढा मेळा सांभाळ.”

“आणि तिथं कुणीच नसलं तर?”

“तर पाचच्या आत रद्द करेन.”

संपतने कपाळावर हात मारला, पण विमानतळापर्यंत गाडी त्यानेच चालवली. वाटेत एकदाच बोलला, “पोचलीस की फोन कर. आणि उपाशी राहू नकोस.”

विमानात हेमांगी खिडकीला डोकं टेकून आठवत होती. घटस्फोटाच्या कागदांवर सही करून ती घरी आली होती त्या दिवशी श्रीरंगने नेहमीसारखं विचारलं होतं, ‘आज काय मोडलंस?’ तिने लिहिलं, ‘लग्न.’ पलीकडून आलं, ‘ते आपण नाही दुरुस्त करू शकत. पण मी इथे आहे. तू लिहीत राहा.’ आणि ती लिहीत राहिली होती, दिवसचे दिवस. जे आईला सांगितलं नाही ते त्याला सांगितलं होतं. तो सगळा वेळ पलीकडे कुणीच नव्हतं? आपण एका सापळ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो? ठेका गेला तर गेला, तिला वाटलं, पण हे खोटं निघालं तर मला सहन व्हायचं नाही. तिला आपल्या स्वार्थाची लाज वाटली. पण वाटलं ते असं होतं.

मुंबईत मुक्काम करून रविवारी दुपारी ती दोघं इंदूरला पोचली. जुन्या वस्तीतलं दुमजली घर, खाली जयंतचं पोह्यांचं हॉटेल. वरचं दार उघडंच होतं.

खिडकीशी एक कृश माणूस बसला होता. केस पिकलेले, कमरेला जाड पट्टा, त्यात विटेएवढी बॅटरी. तिला बघून तो उठला आणि उठल्याबरोबर खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

“आज काय मोडलंस?” तो म्हणाला.

हेमांगी दारातच मटकन खाली बसली. तिला हसायचं होतं, पण रडूच आलं. जयंत पाणी आणायला म्हणून खाली पळाला.

“तू आहेस,” ती म्हणाली.

“आहे तर. पण तुझं कडं नाही मानणार.” त्याने हात पुढे केला. “बघ.”

तिने त्याचं मनगट धरलं. हात गरम होता. पण बोटाखाली काहीच नव्हतं. तिने बोट सरकवलं, दाबलं, पुन्हा सरकवलं. एखाद्या माणसाचा हात हातात असावा आणि नाडी नसावी! तिच्या मनगटावरचं कडं थोडा वेळ घुटमळलं आणि त्यावर अक्षरं उमटली: ‘समोर व्यक्ती आढळली नाही.’

“माझं हृदय काढून टाकलंय,” श्रीरंग म्हणाला, “आठ वर्षं झाली. छातीत पंप आहे. तो धडधडत नाही, पाण्याच्या मोटरसारखा सलग फिरतो. त्यामुळे ठोकाच नाही, आणि कड्याला जो संकेत हवा तोही नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या ध्यानात नाही आलं की असेही लोक असतात.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“पंप बसवला तेव्हा मी पडल्या पडल्या विचार करायचो, याला चालवतं कोण? शोधत शोधत तुझ्या ठेक्यापर्यंत आलो. वाचला. चांगला होता, पण एकटी बाई किती पुरी पडणार? म्हणून आलो मदतीला.” तो हसला. “सांगितलं असतं तर तू प्रत्येक ओळ घाबरून लिहिली असती. आणि नियमच आहे न, ज्याच्या अंगात यंत्र आहे त्याने त्या यंत्राच्या प्रोग्रॅमवर सही नाही करायची. मग मला बाहेर बसावं लागलं असतं. मी बाहेर बसून काय करणार, स्वतःच्या मरणाची वाट बघणार?”

‘आणि उशीर झाला तर?’ हेमांगीला सात वर्षांतले ते सगळे प्रश्न एकदम आठवले. ती वैतागून उत्तरं द्यायची. तो मात्र आपल्या जिवाची चौकशी करत होता.

“तो दोष,” तिने विचारलं, “प्रयोगशाळांना सापडला नाही तो तुला कसा सापडला?”

“मी स्वयंपाकघरात पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा पंप चालू होता. पुढच्या महिन्यात जिन्यात पडलो. मग मांडला हिशोब.” त्याने खिडकीबाहेर बघितलं. “गेल्या आठवड्यात दोनदा झालं. पंप जुना होतोय, तशी त्याची घड्याळं जास्त भांडून राहिलीत.”

पुढचा मेळा तीन महिन्यांनी. हेमांगीने तोंडावर हात ठेवला.

पाच वाजायला अजून थोडा अवकाश होता. तिने सगळ्या वाटा मनात चालून बघितल्या. गाठ रद्द केली तर ती सचोटीची ठरणार होती आणि हा माणूस कुठल्यातरी जिन्यात पडणार होता. याच्यासारखे जगभर हजारो, तेही पडणार होते. गाठ खरी म्हटली, तर तिने स्वतः घातलेल्या नियमावर स्वतःच पाणी ओतल्यासारखं होतं. उद्या खराखुरा घातकी कुणी हीच वाट वापरून आत शिरला, तर तिच्याकडेच बोट दाखवून शिरणार होता. दोन्हीकडून माणसंच मरत होती.

“मला आधी खोटं बोलावं लागेल,” ती शेवटी म्हणाली, “आणि मग लगेच खरं. क्रम चुकून चालणार नाही. जी दुरुस्ती शरीरातल्या यंत्रात गेली ती त्या माणसाच्या परवानगीशिवाय परत काढता येत नाही, हा कायदा आहे. सगळ्यांच्या पंपांनी ती उचलली, की मी कळवते, की गाठ खोटी होती आणि का होती.”

“तुझ्या सगळ्या गाठी जातील.”

“जातील.”

“मेळा पण.”

“श्रीरंग, दोन घड्याळं झाली आहेत आपली. ‘आधी तुम्ही’ पुरे आता.”

पाचला तिने संपतला फोन लावला, सगळं सांगितलं. “‘मला काही ठाऊक नव्हतं’ असं तू लिही,” ती म्हणाली.

“ते मी बघतो काय लिहायचं ते,” तो म्हणाला. “तू तुझं काम कर.”

तिने मेळाव्यातल्या सगळ्या गाठी खऱ्या असल्याचं जाहीर केलं. दुरुस्तीवर सही केली. श्रीरंगनेही केली. दुरुस्ती जगभरच्या पंपांकडे निघाली. थोड्याच वेळात श्रीरंगच्या पट्ट्यावरचा दिवा पिवळा झाला.

“माझा नंबर आला,” तो म्हणाला. “आत दोन मेंदू असतात. एक नवं शिकतो तोवर दुसरा पंप चालवतो. मग अदलाबदल. त्या वेळी पंप एक क्षण थांबतो.” तो आडवा झाला. त्याच्या कपाळावर घाम होता. “हेमांगी, शेवटच्या भागात तू जे घातलं आहेस न, दोन्ही घड्याळं बंद पडली तर...”

“तपासलंय.”

“आणि उशीर झाला तर?”

“नाही होणार,” ती म्हणाली. आजवर हा प्रोग्रॅम तिने फक्त पडद्यावर चाललेला पाहिला होता. चुकला की तांबडी ओळ यायची, ती चहा घेऊन परत बसायची. इथे तांबडी ओळ येणार नव्हती.

तिने त्याचा हात घट्ट धरला. धरून काय उपयोग? चालू असतानाही त्यात काही नव्हतं, बंद पडल्यावरही नसणार. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. दिवा विझला. त्याच्या पापण्या मिटल्या, ओठांचा रंग उतरला. हातातली पकड सैल झाली. तिने ओरडून त्याला हाक मारली. दारात उभ्या जयंतच्या हातातून पाण्याचा तांब्या पडला.

मग तिने त्याच्या छातीला कान लावला. काही नाही. काही नाही. आणि मग खूप आतून, दूरवरच्या गिरणीसारखी, एक बारीक घरघर सुरू झाली. चढत गेली. एकसारखी झाली. पट्ट्यावर हिरवा दिवा लागला.

हेमांगी तशीच कान लावून राहिली. हे आपण लिहिलंय, ती स्वतःशी म्हणाली. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, फावल्या वेळात.

अंधार पडायच्या आत जगातल्या जवळजवळ सगळ्या पंपांनी दुरुस्ती उचलली. हेमांगीने निवेदन लिहायला घेतलं. ‘जयंत बक्षी यांची पहिली गाठ मी त्यांच्या भावाच्या नावाने बांधली. प्रथम चुकून; आणि आज ती जाणूनबुजून खरी ठरवली. श्रीरंग बक्षी यांना हृदय नाही. त्यांचा हात मी माझ्या हातात धरला आहे आणि ते माणूस आहेत. हे कुठल्या यंत्राने नोंदवावं याचा विचार कायद्याने करावा. शिक्षा मला व्हावी.’ एवढंच. सवयीने तिने ते पाठवण्याआधी श्रीरंगला वाचायला दिलं.

त्याने उशीला टेकून ते वाचलं. पुन्हा वाचलं. ती त्याच्या ठरलेल्या प्रश्नाची वाट बघत होती.

“छान आहे,” तो म्हणाला. “पाठव.”

तिने पाठवलं. काही वेळाने तिचं कडं थरथरलं. एकामागून एक गाठी सुटू लागल्या: लिस्बन, सोल, नैरोबी, वर्षानुवर्षं हिंडून बांधलेल्या सगळ्या. शेवटी कडं विझलं. तिने ते काढून टेबलावर ठेवलं, मोकळ्या हाताने फोन उचलला आणि आईला लावला.

“आई, मी उद्या घरी येते. सुमनला म्हणावं, उद्यापासून तुझा रक्तदाब मी बघेन.”

तिचा दुसरा हात श्रीरंगच्या हातातच होता.